पेरूच्या झाडावरची माळ

प्रिय भाऊ,

सप्रेम जयभीम.

आपल्यात आत्मा मानत नाहीत, हे तूच मला शिकवलंस. मेलेला माणूस कुठंतरी बसून आपल्या पत्राची वाट पाहत नसतो. मग मी हे कोणाला लिहून राहिली? ते विचारू नकोस. तू असतास तर हसून विषय बदलला असतास, आणि या वेळी मला बदललेला विषय चालणार नाही.

उद्या तुझा पहिला स्मृतिदिन. दुपारची वेळ आहे, मी तुझ्या सपरीत, पुढच्या पडवीत बसली आहे. वहिनी आत लाखोरीचं बियाणं पाखडून राहिली, सुपाचा आवाज येतो आहे. अंगणात निसर्गशेतीच्या शिबिरवाल्या मॅडमनी मंडप टाकला आहे आणि मंडपाच्या तोंडाशी तुझा भला मोठा फोटो लावला आहे. फोटोखाली लिहिलंय, 'हिरवं जगणं, आनंदी मन. औषधमुक्त झालेल्या धनराज काकांची गोष्ट.' उद्या बहीण म्हणून मला माइकवर चार शब्द बोलायचे आहेत.

त्या बॅनरवरचा एक शब्द माझ्या घशात अडकला आहे. औषधमुक्त. हा शब्द तू कधी तोंडातून काढला होतास का भाऊ? खरं सांग.

पत्र लिहायचं म्हटलं की माझी भाषा शाळेतली होते, तेवढं समजून घे. राग मात्र आपला घरचाच आहे.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. एसटीत कंडक्टर झाल्यापासून मी शंकेखोर झाली असं मी सांगते, वहिनी म्हणते आधीपासूनच होती. बाई हाफ तिकीट मागते आणि मांडीवरच्या पोराला मिसरूड फुटलेली असते, अशा गाडीत मी आयुष्य काढलं. खोटं बोलायच्या आधी माणूस खिडकीबाहेर पाहतो, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. आणि माझ्या गाडीत सगळ्यात जास्त खिडकीबाहेर कोणी पाहिलं असेल तर ते तू.

गोंदिया वेगळा होऊन आपला भंडारा जिल्हा अर्धा झाला, त्यानंतर थोड्याच वर्षांनी मला नोकरी लागली. तू तेव्हा नागपूरला कंपनीत होतास. घरात तुझंच नाव निघायचं. धनराजनं फ्रीज घेतला, धनराजनं मोटरसायकल घेतली. मग एक दिवस वहिनीचा फोन आला, "बाई, हे उठूनच नाही राहिले." मला वाटलं, ताप असेल. येऊन पाहते तर तू भिंतीकडे तोंड करून पडलेला, दाढी वाढलेली, ताट जसंच्या तसं.

"काय झालं गा भाऊ?" मी विचारलं.

तू म्हणालास, "काहीच नाही व कुंदे. काही होतच नाही मले. ना भूक लागत, ना झोप येत, ना रडू येत."

तुला दवाखान्यात भरती केलं. मग तू नोकरी सोडलीस, फ्रीज विकलास आणि वहिनीला घेऊन गावी आलास. पवनीसारखं तालुक्याचं ठिकाण इतकं जवळ असून तुझ्या गावात तेव्हा पानठेल्यावरची माणसं उघड म्हणायची, 'धनराज डोक्यातून गेला.' मी स्वतः ऐकलं आहे. एकाला तर मी गाडीत चढू दिलं नव्हतं, जागा असून.

आणि मग घरामागच्या सांदवाडीत तू काय काय मांडलंस. आजोबांच्या वेळचं धानाचं बियाणं कुठून कुठून मागून आणलंस. फुटक्या बादलीत दोडके, फाटक्या लुगड्यांच्या दोऱ्या, सायकलच्या ट्यूबचे पट्टे, मोडक्या छत्रीच्या काड्यांवर वाल चढवलेला. तुझ्या घरातून कचरा म्हणून काही बाहेर पडलं असेल तर मला दाखव. माझा जुना खाकी युनिफॉर्म मी पोतेऱ्याला दिला होता. तू त्याची पिशवी शिवलीस आणि ती खांद्याला लावून माझ्याच गाडीत बसलास. ड्रायव्हर मला दिवसभर चिडवत होता.

तू हसायला लागला होतास, हे खरं. जेवायला लागला होतास. दरवर्षी याच दिवसांत, उभ्या धानात लाखोरी फेकायची वेळ आली की अंगणात लोक बियाणं न्यायला यायचे आणि तू मूठमूठ मोजून द्यायचास. पानठेल्यावरची तीच माणसं ओंजळ पुढं करून उभी राहायची. मला ते पाहून फार बरं वाटायचं.

पण शंका काही जाईना.

दर महिन्याला एकदा तू पवनीहून भंडाऱ्याला यायचास. धुतलेला शर्ट, केसांना तेल, खाकी पिशवीत चिन्नोर तांदूळ. "कुठं चालला गा?" मी विचारायची. "मित्राकडे." आणि लगेच खिडकीबाहेर. संध्याकाळच्या गाडीनं परत, पिशवी रिकामी, चेहरा हलका. कोणता मित्र? नाव काय त्याचं? राहतो कुठं? तू म्हणायचास, "तिकीट फाड, मागं लोक उभे आहेत."

भाऊ, मला वाटलं, तुझं भंडाऱ्यात कोणीतरी आहे. आता हसू नकोस. शांत स्वभावाचा माणूस महिन्यातून एकदा तेल लावून तांदूळ घेऊन निघतो, बायकोला सोबत नेत नाही. कोणत्याही बहिणीला दुसरं काय वाटेल? एकदा ड्यूटी संपल्यावर मी तुझ्या मागं मागं चालत गेली. चौकात तू उसाच्या रसाच्या गाडीशी थांबलास, वळलास आणि म्हणालास, "ये व, रस पी." रस पिऊन मी मुकाट्यानं डेपोत परत आली. वहिनीच्या तोंडाकडे पाहायची मला पुढं कितीतरी दिवस लाज वाटत होती, जसं काही माझंच लफडं होतं.

मग नागपूरहून शिबिरवाल्या मॅडम आल्या. गाडीभर माणसं, हातात कॅमेरे, पाण्याच्या बाटल्यांचे खोके. तुझ्या माठातलं पाणी कोणी प्यायलं नाही, पण माठाचे फोटो सगळ्यांनी काढले. मॅडम तुला म्हणाल्या, "काका, घड्याळ काढा ना हातातलं, नॅचरल दिसेल." तू काढलंस. पेरूच्या झाडाखाली उभं करून त्यांनी तुझा व्हिडिओ घेतला. त्यात तू म्हणतोस, "आधी माझं मन आजारी होतं. मग मी वाडीत काम करायला लागलो. आता बरा आहे."

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आहे. 'आजारी होतं' म्हणताना तुझी मान डावीकडे आहे आणि 'मग मी' म्हणताना एकदम उजवीकडे. म्हणजे मधलं काही कापलेलं आहे. अर्धं फाडलेलं तिकीट मी हातात न घेताही ओळखते.

आता मी हे सगळं का उकरून काढून राहिली? तू गेलास. शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या तुरीपाशी छातीत कळ आली आणि गेलास, डॉक्टरनंही तेच सांगितलं, त्यात मला काही शंका नाही. मेलेल्या माणसाला चांगलं म्हणणारे चार लोक आले तर येऊ द्यावेत. मीही गप्प बसली असती. पण गोष्ट अक्षयवर आली.

तुझा भाचा, भाऊ. त्याचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत, ते तू जाणतोस. तू गेल्यावर थोड्याच दिवसांनी तोही पुण्यात नोकरीवर असताना तसाच पडला. मी रजा टाकून गेली. दार उघडलं तर पोरगा भिंतीकडे तोंड करून. मी दारातच खाली बसली. तुझी पाठ आणि त्याची पाठ मला सारखीच दिसली.

डॉक्टर चांगला भेटला. गोळ्या सुरू झाल्या. लगेच नाही, पण हळूहळू एका सकाळी त्यानं स्वतः डोकं धुतलं आणि म्हणाला, "आई, झुणका कर." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. मग तो कामावर जायला लागला आणि मी परत आली.

आणि गेल्या महिन्यात त्याचा फोन. "आई, मी गोळ्या बंद करतो. नोकरी पण सोडतो. मामाजीच्या वाडीत येऊन राहतो."

"वाडीत ये ना बाबू, कोण नाही म्हणते? गोळ्या काहून बंद करतो?"

"मामाजीनं नाही का केल्या? त्याले मातीनं बरा केला. मॅडमचा व्हिडिओ पाह्य तू."

"डॉक्टरले विचारलं का?"

"डॉक्टर काय म्हणन? त्याले गोळ्या खपवाच्या आहेत."

शंका घेणं पोरगा माझ्याकडूनच शिकला. एकदा मधे त्यानं आपल्या मनानं गोळ्या सोडल्या होत्या तेव्हा तो दिवसेंदिवस खोलीबाहेर आला नव्हता, सोबत राहणाऱ्या मुलानं दार ठोकून ठोकून उघडवलं होतं. हे मी त्याला आठवून दिलं. तो म्हणाला, "तेव्हा मी शहरात होतो. मामाजीसारखा राहिलो असतो तं तसं झालं नसतं."

त्याला तुझ्याशिवाय कोणाचं खरं वाटत नव्हतं. आणि तू एक वाक्य अर्धवट बोलून निघून गेलास.

मी मॅडमना फोन केला. "धनराज भाऊ औषध सोडलं म्हणाले होते का तुम्हाला?"

"तसं म्हणाले नाहीत ताई, पण दिसत होतं ना. किती प्रसन्न चेहरा."

"मग तो शब्द बॅनरवर कशाला?"

"लोकांना त्यातूनच प्रेरणा मिळते ताई."

"मिळाली ना. माझ्या पोराला मिळाली." असं म्हणून मी फोन ठेवला. मॅडम वाईट नाहीत, हे मला मान्य आहे. त्यांना खरंच वाटतं की पेरूखाली उभं राहून हसणारा माणूस गोळी खात नसतो.

मग मी रजा टाकून गावात येऊन बसली. तू गोळ्या सोडल्या होत्यास की नाही, हे अक्षय यायच्या आत मला कळायला हवं होतं. आधी पवनीच्या औषधाच्या दुकानात गेली. "धनराज भाऊ इथून काही नेत होते का?" दुकानदार म्हणाला, "बाम नेत होते ताई, डोकेदुखीचा," आणि रस्त्याकडे पाहायला लागला. म्हणजे त्यालाही काही माहीत होतं, किंवा मला पाहून तो घाबरला होता. वहिनीला विचारलं. "मले काय माहीत बाई," म्हणून तिनं सूप उचललं आणि आत गेली. एवढी वर्षं एका घरात राहून बायकोला माहीत नाही? मला तिच्यावरही शंका आली. स्मृतिदिनाला एवढी माणसं येणार, नवऱ्याचा मान वाढणार, ते तिला मोडायचं नसेल, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

मग मला सुचलं. तू काहीच फेकत नव्हतास. गोळ्या खाल्ल्या असशील तर त्यांची रिकामी पाकिटं कुठंतरी असणारच.

तुझे डबे काढले भाऊ. एका डब्यात बटणं, एकात वाकडे खिळे, एकात बाटल्यांची झाकणं, एकात संपलेल्या पेनच्या नळ्या. कशाला ठेवल्या होत्यास रे त्या नळ्या? माळ्यावर पाहिलं, पेटीखाली पाहिलं, तणसाच्या कोठ्यात पण पाहिलं. बामच्या बाटल्या निघाल्या. गोळ्यांचं एक पाकीट नाही. माझ्याच युक्तीनं माझा गळा धरला. पाकीट नाही म्हणजे गोळी नाही. मॅडम खऱ्या, अक्षय खरा, खोटी मी एकटी.

मी थकून वाडीत पेरूखाली जाऊन बसली. आता पोराला काय सांगू? तुझा मामा खरंच मातीनं बरा झाला, तूही पाहा करून? आणि तो नाही झाला तर?

तेवढ्यात पोपट आले. वरच्या फांदीवर उतरले, वारा सुटला आणि भर्रकन उडाले. माझ्या मांडीवर उजेडाचे ठिपके हलत होते. मी वर पाहिलं.

त्या चमकणाऱ्या माळा मी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिल्या असं नाही. कितीतरी वर्षं पाहत आली. एकदा तुझ्यावर ओरडलीही होती, "काय कचरा टांगला गा झाडाले?" तू म्हणालास, "पोपटांसाठी व. पेरू ठेवतच नाहीत." मला वाटलं, चॉकलेटचे कागद असतील, तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पुड्या असतील. शिबिरवाल्यांनी तर त्यांचेही फोटो काढले होते. बॅनरवर तुझ्या डोक्यावर त्याच तर चमकत आहेत. कोणीही जवळ जाऊन पाहिलं नाही. मीही नाही, आणि मी लोकांच्या मुठीतली चिल्लर ओळखते.

स्टूल आणला. चष्मा लावला. एकेका सुतळीत ओवलेली रिकामी पाकिटं, गोळ्यांच्या जागा फुटलेल्या, ओळीनं. झाडावरची जुनी, त्यांची अक्षरं उन्हापावसानं धुतलेली. तिथून माळ सरकत सरकत मागच्या दारापर्यंत आलेली. शेवटची पाकिटं वळचणीखाली, कोरडी. त्यांच्यावरचं नाव मी अक्षर अक्षर वाचलं. ते नाव मला पाठ होतं. पुण्यात रोज सकाळी पाण्याच्या ग्लासाशेजारी मी तेच पाकीट ठेवत होती. आणि खाली छापलेला, गोळ्या बनवल्याचा महिना पाहिला, तर तो तू गेलास त्याच्या जरासा आधीचा.

म्हणजे शेवटपर्यंत खात होतास.

मी आधी हसली आणि मग स्टुलावर उभ्या उभ्याच रडली. माझ्याच गाडीत बसून तू औषध आणायला जात होतास आणि मी तुझी बाई शोधत होती.

मागं वहिनी येऊन उभी होती. हातात सूप तसंच. म्हणाली, "पाहलं का तुम्ही शेवटी."

"तुम्ही मले काहून नाही सांगितलं?"

"त्याईनं गळ्याची शपथ घातली होती बाई. म्हणत, गावात म्हणू नको. पागलाच्या हातचं बियाणं कोण नेईन?"

मग ती तिथंच मातीत बसली आणि बोलत राहिली. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "सकाळी गोळी खात. त्याच्यानं त्याईले उठता ये. उठल्यावर जाचं कुठं? तं वाडीत. गोळी नसती तं वाडीत गेले नसते. अन् वाडी नसती तं उठून काय केलं असतं, सांगा? नागपूरले दवाखान्यातून आल्यावर पण गोळी खात होते, तवा उठत अन् नुसते खिडकीत बसत. इथं उठल्यावर काहीतरी वाट पाहून राहे त्याईची. दोडका राहे, धानाचे पऱ्हे राहत." आणि म्हणाली, "कधी कधी गोळी खाऊनही नाही उठत. त्या दिवशी मी गोष्ट नाही काढत. मीच पोपट हाकलत बसत."

मी व्हिडिओचं विचारलं. मधे काय कापलं?

"रडले ते मधे. मॅडम कॅमेरावाल्याले म्हणाल्या, हे नको ठेवू, लोकाईले चांगलं नाही वाटत."

भाऊ, ज्या माणसाला रडू येत नव्हतं, त्याला रडू आलं होतं. मला विचारलं असतं तर मी तेवढंच ठेवलं असतं.

आता तुझ्याशी माझं भांडण ऐक. मला काहून नाही सांगितलंस? गावाला नको सांगूस, पानठेल्याला नको सांगूस, मी समजू शकते. मला? मी रोज गाडीभर लोकांचं खोटं पचवते. तुझं एक खरं मला पचलं नसतं का? महिन्यातून एकदा तू माझ्या शेजारच्या सीटवर बसून दवाखान्यात जात होतास, मी सोबत आली असती. बाहेर बाकावर बसली असती. मग दोघांनी रस प्यायला असता.

आणि आणखी एक शंका आहे, ती काही केल्या जात नाही. लपवायचं होतं तर टांगलंस कशाला? वहिनी म्हणते, "जाळलं तं धूर होते, पुरलं तं माती खराब होते, असं म्हणत." पटण्यासारखं आहे, तू तसाच होतास. पण डब्यात ठेवता आलं असतं की. पेनच्या नळ्यांना डबा आहे आणि यांना नाही? मला वाटतं, कोणीतरी एकदा वर पाहावं, अशी तुझी इच्छा होती. तू नाही म्हणशील. आणि नाही म्हणताना खिडकीबाहेर पाहशील.

आज सकाळी अक्षय आला. बॅग दारातच टाकली. डोळे खोल गेलेले. मी विचारायच्या आत म्हणाला, "नाही खाऊन राहिलो मी गोळ्या. भाषण नको देऊ." मी भाषण दिलं नाही. ते किती जड गेलं ते माझं मला माहीत. म्हटलं, "जा, मामाजीच्या झाडाचे पेरू तोडून आण."

तो गेला. मी दारातून पाहत होती. त्यानं हात वर केला आणि हात तसाच राहिला. मग एक पाकीट धरून जवळ ओढलं. मग दुसरं. झाडापासून माळेच्या खालून चालत चालत वळचणीपर्यंत आला आणि शेवटचं पाकीट हातात धरून माझ्याकडे वळला.

"आई, ह्या तं माह्यावाल्या गोळ्या आहेत."

"मामाजीच्या आहेत."

"कवाच्या?"

"शेवटपर्यंतच्या. महिना वाच खालचा."

त्यानं वाचला. पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे मामाजी खोटं बोलला?"

मी म्हटलं, "तो बोललाच नाही बाबू. लोकच बोलले." वहिनीनं मला सांगितलेलं, गोळी आणि उठणं आणि वाडी, ते तिनंच त्याला पुन्हा सांगितलं. तो ऐकत होता. पायानं माती उकरत होता, लहानपणी तुझ्यापाशी उभा राहून उकरायचा तशी. मग त्यानं डॉक्टरला फोन लावला आणि वाडीत फेऱ्या मारत बोलला. गोळी परत कशी सुरू करायची ते त्यानं स्वतः विचारलं, मी कान देऊन ऐकलं. ऐकणारच.

बॅगेत उरलेली गोळी त्यानं तुझ्या माठातल्या पाण्यासोबत घेतली. नंतर बॅगेच्या खिशातून एक रिकामं पाकीट काढलं आणि वहिनीला म्हणाला, "मामी, सुतळी आहे का?" वहिनीनं दिली. आता तुझ्या माळेच्या शेवटी त्याचं पाकीट आहे. वारा आला की सगळ्यात जास्त तेच चमकतं, कारण ते नवीन आहे.

एक महिना तो इथं राहणार आहे. लाखोरी फेकू लागेल, धान कापू लागेल. नोकरीचं मग पाहू म्हणाला. तुझ्या वाडीवर माझा राग नाही भाऊ, ते चुकूनही समजू नकोस. त्याला ती हवी आहे, दिसतंच आहे. आज दुपारी त्यानं मागून दोन वेळा भात घेतला.

उरला उद्याचा दिवस. मी वहिनीला विचारलं, कारण शपथ तिच्या गळ्याची आहे. "उद्या माइकवर सांगू का? लोक बियाणं न्यायला येणार आहेत. नाही नेलं तर?" ती सूप उचलून आत गेली. मला वाटलं, नको म्हणते. म्हणून मी तुला पत्र लिहायला बसली.

आणि आत्ता, या ओळी लिहिताना, सुपाचा आवाज थांबला आहे. आतून ती म्हणाली, "बाई, सांगून टाका उद्या. लाखोरी उरली तं उरली. वरण करू."

म्हणून भाऊ, तुला वचन देते. उद्या त्या बॅनरखाली उभी राहून मी सांगीन की माझा भाऊ रोज सकाळी गोळी खात होता आणि रोज सकाळी वाडीत जात होता, आणि ही पाहा माळ. मॅडमनी माइक ओढला तर मला माइक लागत नाही, भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत आवाज नेते मी. मग सांगीन की माझा मुलगा पण हीच गोळी खातो, आणि आज बियाणं तोच वाटणार आहे. अक्षयला विचारलं आहे. तो हो म्हणाला, आणि हो म्हणताना त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं.

कोणाकोणाची ओंजळ पुढं येते ते मी एकेकाचं तोंड पाहून लक्षात ठेवीन. पवनीच्या गाडीला चढणारच आहेत सगळे.

तुझी,
न सांगताही शंका घेणारी बहीण,
कुंदा